दर किलोला दीड युरो

शुक्रवारी पादोवाहून निघते माझी व्हॅन,
रविवारी उजाडता मोल्दोवातली आमची गावं लागतात.
खोकी वजन करून घेतो. कॉफी, ऑलिव्हचं तेल,
म्हाताऱ्यांचे डायपर, त्याच कंपनीचे
जे स्तेलियाना तिथल्या सिन्योराला
दिवसातून चारदा बदलते.
"आई अजून तेवढी नाही झाली," म्हणाली,
"पण असू देत घरात."

मग वीसची नोट माझ्या खिशात कोंबली
आणि बोलेचना.
मागे बायकांची रांग, खोक्यांची रांग.
शेवटी म्हणाली: आईची नखं. पायाची.
वाकता येत नाही तिला.
शेजारीण कापायची, ती गेली लेकाकडे डब्लिनला.
नेलकटर कॉफीच्या पाकिटाला चिकटवलंय.

आगाफिया मावशीचं कुत्रंही आता भुंकत नाही,
मान उचलून बघतं, पुन्हा ठेवतं.
"तू सावाचा ना रे?
सावाच्या पोरानं माझे पाय धरायचे?"
तरी परातीत पाय सोडले.

नखं शिंगासारखी, पिवळी, आत वळलेली.
नेलकटर पुरेना.
व्हॅनमधली पक्कड आणली,
तिच्याच घरच्या दारूनं पुसली.
ती खिडकीकडे तोंड करून बोलत राहिली,
अक्रोड झोडायला यंदा कोणी मिळालं नाही,
पडले तेवढे वेचले,
वरचे कावळ्यांचे.

मोजे चढवताना विचारलं,
"किती दिले तिनं?"
"वीस."
"वीस युरोला तिथं किती तास राबते?"
मला ठाऊक होतं. सांगितलं नाही.
"तिला सांग, तू आलास तेव्हा
कापून झालेली होती. मीच कापली.
आणि पैसे परत कर."

अक्रोडाची पिशवी दिली.
सवयीनं काट्यावर टाकली मी:
दोन किलो तीनशे.
ती पदराखालची नाही, उशीखालची
पाकीट काढायला उठली,
तेव्हा मला माझीच लाज वाटली.

पादोवाला रविवारच्या बाजारामागे
स्तेलियाना उभी होती, हाताला फिनेलचा वास.
मी नोट पुढे केली.
म्हटलं, तिनंच कापली होती.
"खोटारडा," ती म्हणाली,
"पाय दिसतात का तिला?"
पिशवी उघडून एक अक्रोड दातांनी फोडला.
बराच वेळ चावत राहिली.

"डाव्या अंगठ्याचं खुपत होतं का?"
"हो."
"पुढच्या खेपेला
मोठं कटर देते."