चंद्र दिसू नये म्हणून

मंगळवारी रात्री साडेअकराला संपतने गट काढला,
नाव ठेवलं 'पाच कोल्हे',
आणि पहिलाच निरोप: द्राक्षं आंबट आहेत का
ते जाऊन चाखू. ईदला. जॉर्जिया. कोण कोण?

पीत नाही तो मिरजेचा फारूक सगळ्यात आधी हो म्हणाला.
सकाळी नमाज पढून दुपारचं विमान.
'मी गाडी चालवीन. एकाला तरी
रस्ता सरळ दिसला पाहिजे ना.'

ऑफिसच्या पत्रकात दोनच ओळी होत्या.
गुरुवारी चंद्र दिसला तर तीन दिवस सुट्टी,
नाही दिसला तर चार.
मृदुला म्हणाली, संकष्टीला मी गच्चीवर
मान मोडेस्तोवर त्याची वाट बघते,
आता त्यालाच सांगू, येऊ नकोस?
'भाद्रपदातली चतुर्थी समज,' ग्लोरियाने सुचवलं.
वसईची ती, शेजारधर्माने तिला सगळं ठाऊक.

बुधवार हिशेबात गेला.
तिकीट सकाळी आठशे नव्वद दिरहम, दुपारी अकराशे दहा.
मृदुलाच्या आयडीची मुदत उरलेली अकरा दिवस.
माझा साहेब रजेला 'इन्शाल्ला' म्हणाला,
आणि शारजात बारा वर्षं काढल्यावर
त्याच्या किती छटा असतात ते मला कळतं.
ही फिकटातली फिकट होती.
तरी मी माळ्यावरून स्वेटर काढला,
डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला.

ग्लोरियाने रीत समजावली:
पेला फिरवायचा, नाक खुपसायचं,
घोट तोंडात घोळवायचा
आणि थुंकायचा.
'पैसे देऊन?' संपतने विचारलं.
'तिथे मातीत रांजण पुरतात,' ती म्हणाली, 'गळ्यापर्यंत.
हिवाळाभर झाकून ठेवतात.'
यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.
तासगावात त्याच्या भावाची चार एकर बाग,
या दिवसांत बेदाणा शेडवर पसरलेला असतो.
छाटणी, विरळणी, घड बुडवणं,
संपतने लहानपणापासून सगळं केलंय.
फक्त द्राक्षाचं पुढे काय होतं
ते पाहिलेलं नाही.
भाऊ फोनवर म्हणाला, मार्चात तिकडे वेलाच्या नुसत्या काड्या असतील,
काड्या बघायला विमानाने जातोस?
'काड्यांवरनंच तर बाग कळती,' संपत म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी अल खानच्या किनाऱ्यावर आम्ही पाच जण.
फारूकने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला,
मग आम्हीही हात पुढे केले.
संपतच्या फोनवर जागा धरून ठेवलेल्या,
नऊ मिनिटं चोवीस सेकंद, तेवीस, बावीस.
समुद्रावर राखाडी धूळ.
छान, मी मनात म्हटलं, अजून थोडी येऊ दे.

आमच्यात नजर फारूकचीच तेज.
तो उठून पाण्याजवळ गेला
आणि तसाच उभा राहिला.
'दिसला?'
बोलेना.
एकोणतीस दिवस त्याने वाट पाहिलेली.
आणि तेवढ्या वेळात आमचा चौथा दिवस
त्याच्या तोंडात होता, घोळत,
ना गिळलेला ना थुंकलेला.

'क्रेनच्या डावीकडे,' तो शेवटी म्हणाला. 'खाली बघा. नखाएवढा.'

आणि मग तो आम्हालाही दिसला,
एकदा दिसल्यावर दिसेनासा करता येईना.
मृदुलाचे हात सवयीने जुळले.
ग्लोरियाने फारूकला मिठी मारली, मुबारक, मुबारक,
त्याचा चष्मा वाकडा झाला.
घोषणा अजून व्हायची होती,
पण मुलं किनाऱ्यावरून ओरडत पळायला लागलेली.

'तीन दिवसांत किती रांजण होतात?' संपतने कुणालाच न बघता विचारलं.
वेळ संपली, फोन म्हणाला,
कृपया सुरुवातीपासून शोधा.
भाडं आता सोळाशे चाळीस.
तो वाळूत मांडी घालून बसला
आणि सुरुवातीपासून नाव भरू लागला,
पासपोर्टवर आहे तसं, वडिलांच्या नावासकट,
एकेक अक्षर तपासत.