मिरचीचा हात

डिसेंबरात नंदुरबार सोडून बस निघाली
की खिडकीतून जमीन लाल दिसते. माती नव्हे ती.
पथारीवर मिरची वाळत असते, बिघेच्या बिघे,
आणि पुढच्या सीटवरचं पोर शिंकायला लागतं.

मी तिथला मापाडी. काटा माझा, वही माझी,
आणि जीभही माझीच, हे मात्र कधी ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी एक पोतं अकरा किलो कमी भरलं.
मी वर बघितलं. समोर रुमशी होती, धडगावकडची,
देठ खुडून उठत होती, कंबर धरून.
दुसरी कुणी समोर असती तर दुसरीचं नाव घेतलं असतं.
चाळीस बाया ऐकत होत्या. मी म्हणालो,
“ओचा झाड.”

तिने झाडला.
पडलं ते असं : फडक्यात अर्धी भाकर,
तंबाखूची डबी,
लहान पोराचा एकच बूट.
तिने तिन्ही उचललं, आणि बुटातली धूळ
हळूच फुंकली. एवढंच.
दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती,
आणि त्या संध्याकाळी मला सापडलं
काट्याच्या पाटाखाली अडकलेलं लाकडाचं ढलपं.
मी ते काढून फेकलं. कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत भलत्याच वेळी आभाळ फुटलं.
तीन दिवसांत लाल पथारी काळी पडली,
बुरशीचा वास गावभर. शेठने कुलूप घातलं.
घरी दोन पोरं, बायकोचं बाळंतपण तोंडावर.
कुठे काम मिळेना, तेव्हा दुसऱ्या पथारीवर
बायांच्या रांगेत जाऊन बसलो, देठ खुडायला.
घमेल्यामागे पैसे. मापाडी दुसरा होता,
आणि तो ओरडायचा.

पहिल्या रात्री हात पेटले.
ताकात बुडवले, गुळाच्या पाण्यात बुडवले,
तरी पहाटेपर्यंत बोटं जागी.
सकाळी घाम आला आणि मी डोळा पुसला.
मग काय झालं ते मिरची खुडणाऱ्यालाच विचारा.
शेजारची होनाबाई हसली नाही.
तांब्या पुढे केला : “पहिले हात धुई ले, भाऊ.
मंग डोयाले लाव. आठे जल्मभर हाईच शिकनं.”

हेच शिकणं. मी शिकलो म्हणत नाही.
फक्त आता शब्द घशाशी आला
की बोटांना जुनी आग आठवते,
आणि मी थांबतो, एक घोट पाण्याइतका.
बोलण्याआधी मनातच कुणाला चोर ठरवून बसतो आपण,
ते कुणाला ऐकू जात नाही, म्हणून सुटतं.
देठ तिथे खुडावा लागतो.
परवाच थोरल्यावर ओरडलो, सायकलवरून.
त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि मान खाली घातली.
रात्री त्याच्या अंथरुणाशी बसून म्हणालो, चुकलं माझं.
तो झोपला होता. सकाळी परत म्हणावं लागलं.

धडगावला जायला मला सहा वर्षं लागली.
तीनदा तिकीट काढून शहाद्यातूनच परतलो.
रुमशी दारात मका सोलत होती. पोरगा मोठा झालेला,
दोन्ही पायांत बूट.
मी सगळं सांगितलं. ढलप्याचंही.
ती कणीस फिरवत राहिली, दाणे टोपलीत पडत राहिले.
मग आत गेली, तांब्या आणला,
माझ्या हातांवर पाणी घातलं, पाहुण्याच्या हातांवर घालतात तसं.
माफ केलं असं काही म्हणाली नाही.
विचारलं,
“काटा बरोबर झाला का?”

“होतोय,” म्हणालो.

आता पुन्हा बाजार समितीत तोलतो.
पहिलं पोतं चढण्याआधी, कुणी आलेलं नसताना,
पाटाखाली हात घालून बघतो.
रोज काहीतरी निघतंच : बी, खडा, एखादा देठ.