आठ बाय चार

गणपती पेठेत जिनपाल शेट्यांच्या दुकानात
तिसऱ्यांदा गेले, तेव्हा त्यांनी विचारलंच,
"बाई, घ्यायची आहे, का नुसती बघायची?"
म्हटलं, बघायचीच आहे. स्थळ बघतात तशी.

काउंटरवर तीन करवती.
एक परदेशी, खोक्यातून बाहेर न येणारी,
तिच्या पैशात आमच्या ऑफिसच्या पोऱ्याला
नवी मोटरसायकल येते.
दुसरी स्वस्त, वायरवाली.
पण कापायला जागा गच्चीवर, तिथं प्लग नाही,
आणि दोन जिने वायर सोडली
की मधल्या मजल्यावरच्या कोथळे वहिनी
तिच्यावर पाय देऊनच मला हाक मारतात.
तिसरी बिनवायरची, मधल्या किमतीची,
बशीएवढं पातं पोटात लपवून बसलेली.

"बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा," शेटे म्हणाले,
"आणि एकदा या रंगात शिरलात
की पुढची सगळी हत्यारं याच रंगाची."
म्हणजे सोयरिकच की.

लेक नाशिकला जाताना ड्रिल विसरला होता.
त्याची बॅटरी मी पर्समधून नेलेली,
मार्केट यार्डात दिवसभर हळदीच्या पावत्या वागवते
त्याच पर्समधून.
खाचांत पिवळी पूड.
शेट्यांनी फुंकर मारली, बसवली.
खट्.
साडेसहा हजार तिथंच वाचले.

राहिली पट्टी,
जिच्या आधाराने करवत सरळ धावते ती
ॲल्युमिनियमची पट्टी. चौदाशे मिलिमीटर.
आणि प्लायचा ताव आठ बाय चार.
आठ फूट उभा चिरायचा तर पट्ट्या दोन,
मध्ये जोड, जोडात केसाएवढा बाक,
वर पाच हजार.

भंवरलाल सुथार तिथंच स्क्रू मोजून घेत होता.
वीस वर्षं सांगलीची स्वयंपाकघरं कापलेला माणूस.
हसला नाही, एवढंच.
"साध्या करवतीला एक सरळ पट्टी अन् दोन क्लॅम्प लावा.
होतंय की. एवढे पैसे कशाला घालवताय?"
बरोबर होतं त्याचं.
त्याच्या हाताला होतंय.
माझी रेघ वहीतसुद्धा डावीकडे पडते.

रात्री टेप घेऊन भिंतीसमोर उभी राहिले.
जुन्या कपाटाचा तळ पुरात फुगला, मग पापुद्रे सुटले,
मग आतल्या साड्यांना वास.
भिंतीवरची रेघ दोनदा रंग देऊनही दिसते,
तीन फूट दोन इंच.
नदी फुटांत मोजतात, हत्यार मिलिमीटरमध्ये,
दोन्ही आकडे एकाच टेपवर वाचत बसले.

आठ फूट उभं कशाला हवं?
खालचे तीन तर नदीचेच.
वरचे चार माझे.
चार फूट म्हणजे बाराशे वीस,
एका पट्टीवर बसतात, वर वीतभर उरून.

शनिवारी एकच पट्टी घेतली.
बारीक दातांचं पातं मात्र घासाघीस न करता.

नव्या पट्टीच्या कडेला काळं रबर असतं,
जरा जास्तच रुंद ठेवलेलं.
पहिल्या कापात पातं आधी ते रबरच कापत जातं.
त्यानंतर ती कड दुसरं काही बोलत नाही,
पातं इथूनच जाणार, एवढंच.
हे मला माहीत नव्हतं.
मला वाटलं, नवी वस्तू पहिल्याच दिवशी बिघडवली,
आणि उन्हात पाच मिनिटं बटण सोडून उभी राहिले.

बॅटरीचा एकच दिवा उरला होता
तेव्हा कोथळे वहिनी वर आल्या.
"कपाट?"
"अर्धं. भिंतीला टांगायचं."
"आणि खाली?"
"खाली काही नाही."
त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं,
हळू, कुसळ टोचायची वाट बघत,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.