आहे त्याचं

तुर्भ्याच्या शीतगृहात उणे अठरा अंश.
रात्रभर मी मटार मोजतो,
दाणे नाही, टन.
कानटोपी, हातमोज्यांवर हातमोजे,
फोर्कलिफ्टचं एकसुरी पीं-पीं.
सकाळी बाहेर पडलो की
आधी चष्मा धुरकटतो, मग मी.

घरी कोपरखैरण्याला, तिसऱ्या मजल्यावर
आमचा एका दाराचा फ्रीज.
वरच्या कप्प्यात बर्फ असा वाढतो
जसं भाड्याच्या खोलीत सामान.
हेमांगी मी यायच्या आत निघालेली असते,
घणसोलीची कंपनी, तिथून परस्पर वाशीला
दोन घरच्या पोळ्या.
ती नऊला येते, मी साडेआठला निघतो.
रविवार सोडला
तर आम्ही भेटतो ते ह्या फ्रीजमध्ये.

म्हणजे, ती काहीतरी ठेवून जाते
आणि मी ते वाचतो.
आज: भिजलेले मूग, वर ओलं फडकं.
अर्धा कांदा, बशीत पालथा.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेथी, निवडलेली.
निवडलेली म्हणजे राग नाही.
परवा मुळांसकट होती.

डॉक्टरांनी माझ्या साखरेच्या आकड्याभोवती
पेनाने दोनदा गोल काढला,
तेव्हापासून तेलाची बुधली वरच्या फळीवर गेली
आणि तिच्यातला पळा जाऊन
चहाचा चमचा आला.
मी काही बोललो नाही.
गोदामातल्या माणसाला
आकडे पाळायची सवय असते.

तर, कुकर.
मूग दोन मुठी, कणी एक मूठ.
हे प्रमाण आधी उलटं होतं.
गोठलेलं आलं किसणीवर न सोलता घासायचं,
साल आपोआप मागे राहते
(हे मी तिला शिकवलं, एवढं एकच).
जिरं, हळद, कांदा, मग मेथी.
मेथी पातेलंभर दिसते आणि
पाहता पाहता मूठभर होते,
पगारासारखी.

वरच्या कप्प्यातून मटाराची पिशवी काढतो,
तोंडाला तिच्या केसांचं रबर.
ओट्यावर आपटली की दाणे सुटे होतात.
कोण जाणे, माझ्याच हाताखालून गेले असतील
कुठल्याशा रात्री, कुठल्याशा खोक्यात,
आणि मी ओळखलं नाही.
इथे दोन चमचे घेतो.
घरात मटार मोजता येतात.

दुसऱ्या शिट्टीला शलाका उठते.
"आज काय?"
"आहे त्याचं."
आमच्याकडे हे पदार्थाचं नाव आहे.
मंगळवारी आहे त्याचं म्हणजे नाचणीचं थालीपीठ
आणि कोबीचा उरलेला गड्डा,
काल आहे त्याचं म्हणजे चवळी, वर जवसाची चटणी.
बाईंनी वर्गात आवडता पदार्थ विचारला
तर पोरीने तेच लिहिलं, आणि बाईंनी
लाल शाईत कृती मागितली.

कृती काय सांगणार.
दार उघडायचं. उभं राहायचं.
थंड हवा पायांवर येते तोवर
काय नाही ते विसरायचं.

एकदा खरंच काही नव्हतं.
रिकामी बशी, अर्धं लिंबू सुकलेलं.
भांडलो होतो का, ते आठवत बसलो.
मग बर्फामागे हाताला डबी लागली,
वर चिकटपट्टी, वर तिचं अक्षर:
वाटण. उघडू नको. रविवारी.
त्या दिवशी आम्ही बापलेकीने
डाळ-तांदूळ खाल्ले, वर सुकटीचा चुरा,
आणि मी गाढ झोपलो.

तिचा वाटा डब्यात भरतो.
दिवसभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटलेल्या बाईला
ताटात पुन्हा पोळी नको असते,
म्हणून खिचडी, जरा सैलच,
वर लिंबाची फोड.
डबा मधल्या कप्प्यात, दर्शनी.
ती तो उघडेल तेव्हा
मी कानटोपी ओढत असेन.

कालचा डबा तिने घासून ठेवला होता,
त्याच जागी, झाकण उघडं,
आत एक मटार.
चुकून राहिला की मुद्दाम,
कळलं नाही.
रविवारी विचारेन.