पंधरा मिनिटांची वाळू

त्स्खाल्तुबोत पाणी तापवावं लागत नाही.
जमिनीतून येतं तेच अंगाच्या मापाचं,
ना कढत, ना गार.
उतरलं की कातडी कुठं संपली
आणि पाणी कुठं सुरू झालं,
हे कळायला जरा वेळ जातो.

माझं काम वाळूचं घड्याळ उलटं करण्याचं.
पंधरा मिनिटं. वर एक नाही.
डॉक्टर नानुली म्हणतात,
या पाण्याला चव नाही, वास नाही,
म्हणून माणसं त्याला साधं समजतात.
हाडं सोसतात कितीही,
काळीज लवकर दमतं.

बत्तीस वर्षं उलटं करतेय.
आले तेव्हा लढाईतून पळून आले होते,
दोन पोरं आणि एक शिवणयंत्र.
सॅनेटोरियमची खोली दोनशे अकरा मिळाली,
जिथं पूर्वी खाणमजूर सुटीत गुडघे शेकायला यायचे.
त्यांच्या पलंगांवर माझी पोरं वाढली,
संगमरवरी जिन्यावर मी मिरच्या वाळवल्या,
बाल्कनीत कोंबड्या.
चार महिन्यांत परत जाल, म्हणाले होते.

बोंदो शोनिया आला दहा स्नानांची चिठ्ठी घेऊन.
गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या.
'पाणी' म्हणाला, तेवढ्यावरून ओळखलं,
हा आमच्या किनाऱ्याचा.
त्यानंही ओळखलं असणार.
कुणीच कुणाला गाव विचारलं नाही.

तीन दिवस नुसता कठड्याला शिव्या घालत उतरला.
चौथ्या दिवशी म्हणाला, नाझी,
हे पाणी आमच्यावरून गेलं की जातं कुठं?
गटारात, मी म्हटलं.
मग?
मग ओढ्याला.
मग?
मग रिओनीला, आणि रिओनी पोतीपाशी
...
पुढचं मी बोलले नाही.
त्याच्या बापाची होडी ज्या पाण्यावर होती
ते पाणी त्याला मी काय सांगणार?
तो पाण्याखाली गुडघे चोळू लागला,
सावकाश, उलट्या हातानं,
मासळीचे खवले काढतात तसे.

दहाव्या दिवशी वाळू संपली.
तो उताणा पडलेला, कान पाण्याखाली,
मी टाळी वाजवली ती त्याला ऐकूच गेली नाही.
किंवा गेली.
मी घड्याळ पुन्हा उलटं केलं.
नोंदवहीत लिहिलं, पंधरा.

वर आला तो कठडा धरूनच.
चमत्कार वगैरे काही नाही.
हेझलनटची पुडी बाकावर ठेवून गेला,
निम्मी किडकी निघाली.

संध्याकाळी फरशी पुसून झाली.
कर्मचाऱ्यांना मनाई आहे, पाटी मीच लावलेली.
मोजे काढले, काठावर बसले,
पाय आत सोडले घोट्यांपर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत.
घड्याळ शेजारी आडवं करून ठेवलं.

उद्या आठ वाजता कुताइसीची एक बाई आहे.
पाठ. बारा स्नानं.