जगात जर्मनी

रात्री साडेदहाला त्यांनी तो दाखवला,
म्हणजे तिकडं सकाळ होती अन् स्टेजवर ऊन पाडलेलं.
इकडं वसमत रोडची लाईट गेलेली.
मी अन् मुख्तार त्याच्या दुकानाच्या पायरीवर,
एकाच इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या.

जाडी पाच मिलिमीटर, म्हणाले.
पेन कागदावर टेकावं तसं टेकतं, म्हणाले.
मी अकरा वर्षं झाली माऊसनं मुंडकी कापतो:
भावी नगरसेवक, भावी सभापती,
दाढीचा एकेक केस सोडवून,
मागचा संडास खोडून तिथं ढग, सूर्य, वाघ.
मनगटात आताशा करंट बसल्यागत होतं.
पेन असतं तर दहा मिनिटांचं काम.

मग भाव आला पडद्यावर.
वाया गेलेल्या फ्लेक्सच्या पाठीवर मी उतरवून घेतला.
अमेरिका, सहाशे एकोणपन्नास डॉलर, शुक्रवारपासून.
मुख्तार म्हणाला, "वरून टॅक्स. तिकडं पाटीवर अर्धंच खरं लिहितात."
दुबई, चोवीसशे नव्याण्णव दिरहम, त्याच शुक्रवारी.
जर्मनी, सातशे एकोणपन्नास युरो, पुढच्या महिन्यात.
सगळ्यात खाली आपला झेंडा
अन् झेंड्यापुढं एक आडवी रेघ.
रकमेच्या जागी रेघ,
तारखेच्या जागीही तीच.

गुणाकार केला. पंचावन्न हजार. साडेसत्तावन्न. एकाहत्तर.
आपला आकडा मुख्तारनं मागच्या मॉडेलवरून काढला:
पंच्याहत्तर, अन् तेही दिवाळी उलटल्यावर.
"घे," म्हणाला, "जगात जर्मनी अन् भारतात परभणी.
पहिल्यांदाच पुढं गेलो बघ आपण,
चार हजारानं."

हसून झालं तरी डोक्यातून जाईना.
बनतो तो चीनमधी. चीन आपल्याला जवळ.
जर्मनीला जाताना त्याचं विमान
मपल्या पत्र्यावरूनच जात असंल एखाद्या रात्री.

मुख्तारचा साडू शारजाला एसी बसवतो.
त्याचा आवाज आला व्हॉट्सॲपवर, मागं ड्रिल चालू:
"लाता ना भाई, लेकिन ईद के बाद.
डब्बा फेकना पडता, पेन अलग बॅगमें."
अन् बिघडला तर?
"बिघडा तो शारजा आ जाव."

सकाळी मुंजाभाऊंचा पुतण्या आला. वाढदिवस, दहा बाय वीस.
"अकरा रुपये फूट? गंगाखेडला आठनं द्यायलेत."
मग तिकडूनच आणा की, मी म्हणालो.
तो स्टुलावर बसला.
"आणलं असतं. पण आज रात्री बाराला
चौकात लागाय पाहिजे. बारा म्हणजे बारा."
मी साडेदहा म्हणालो. त्यानं मान हलवली.
फुटामागं अडीच रुपये घाईचे,
दोनशे फुटांचे पाचशे.
कागदावरच्या त्या चार देशांकडं
तेव्हा मी बघितलं नाही.

संध्याकाळी मुख्तारचीच ऑर्डर.
सहा बाय तीन, दुकानावर लावायला:
लवकरच येत आहे.
बुकिंग चालू.

माऊसनं त्याचे चारी गोल कोपरे कापले.
सोपा गेला. केस नाहीत त्याला.
पडद्यात कंपनीनं बर्फाचा डोंगर दिला होता, तो राहू दिला.
"भाव काय टाकू?"
"जागा सोड. मार्करनं लिहू."
सोडली, दीड फूट, पांढरी.

प्रिंट निघाल्यावर मुख्तार म्हणाला, "पेन कुठंय?"
पेन राहिलंच होतं.
फाईल परत उघडली, डोंगराच्या बाजूला ओढलं
माऊसनंच, मनगट टेबलावर दाबून धरून.
जरा वाकडं आलं.
"चालतंय," म्हणाला मुख्तार, "कुणी बघितलंय खरं?"