पांढऱ्याला लागत नाही

आदल्या रात्री वस्तरा फिरवून यायचं,
उपटायचं नाही, मुळं जाग्यावर हवीत.
मी हनुवटी गुळगुळीत करून
राजारामपुरीत मगदूम डॉक्टरणीकडे जाते.

गार जेल. डोळ्यांवर काळा चष्मा.
मग टच्, टच्, टच्,
रबरबँड ताणून सोडावा तसं,
वरच्या ओठाला जरा जास्तच.

आणि वास.
वासाचं कुणी सांगितलं नव्हतं.
आबांच्या दुकानामागे रविवारी पहाटे
मुंडी-पाय भाजायचे, तोच.
नववीत पोरी माझ्या दप्तराला नाक दाबायच्या,
दहावीत हनुवटी दिसली त्यांना.

सहा-सहा आठवड्यांनी आठ वेळा यायचं.
दोन दिवस लाली, उन्हात स्कार्फ.
पंधरवड्यात गळतील,
काही परत येतील, बारीक होऊन.
"शंभर टक्के जातील असं म्हणणार नाही मी,"
डॉक्टरीण म्हणते,
आणि मला ती एकदम आवडते.

बाहेर बाकावर आई. पदर हनुवटीवर,
माझ्या बारशापासूनच्या प्रत्येक फोटोत असतो तसा.
"माझंबी बघा की, बाई."
डॉक्टरीण तिचा चेहरा उजेडाकडे वळवते,
बराच वेळ बघते.
"मावशी, लेसरला काळाच केस दिसतो.
पांढऱ्याला लागत नाही."

रिक्षात आई हसते,
"घ्या, मशीनबी वय विचारतंय."

घरी मिसरीच्या डबीतला चिमटा
माझ्या हातावर ठेवते.
"तुला नको आता. मला दिसंना झालंय."
खिडकीशी बसते, मान वर करून.

मी पहिल्यांदा तिची हनुवटी धरते.
खरखरीत.
माझ्या बोटांना अजून जेलचा गारवा.